स्मृती टी कोशिका

एखाद्या रोगकारक सूक्ष्मजीवाशी किंवा त्याच्याविरुद्धच्या लशीशी एकदा संबंध आल्यानंतर शरीरात दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या आणि तोच सूक्ष्मजीव पुन्हा शिरल्यास अधिक त्वरेने व जोमाने प्रतिक्रिया देणाऱ्या टी लसीका कोशिकांना (पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराला) ‘स्मृती टी कोशिका’ म्हणतात. स्मृती हा शब्द येथे लाक्षणिक अर्थाने वापरलेला असून मेंदूतील स्मरणक्रियेशी त्याचा संबंध नाही. या कोशिका सर्व एकसारख्या नसतात. वास्तव्याचे स्थान, आयुर्मान व कार्य यांनुसार त्यांत अनेक प्रकार पडलेले असतात. दुसऱ्या वेळचा संसर्ग अजिबात होत नाही, होऊन सौम्य राहतो की तीव्र रूप धारण करतो, हे पुष्कळ अंशी यांपैकी कोणत्या प्रकारच्या कोशिका, किती व कोठे आहेत यावर अवलंबून असते. रक्तातील प्रतिपिंडे मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत मात्र या कोशिका मुळीच दिसत नाहीत. प्रतिकारक्षमतेविषयीचे कित्येक गैरसमज, सुशिक्षितांतलेसुद्धा, या एका गोष्टीतून उद्भवले आहेत.

रोगापासून मिळालेले संरक्षण अनेक वर्षे टिकते, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचा पहिला पद्धतशीर पुरावा डॅनिश वैद्य पी. एल. पानुम यांनी दिला. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. त्यापूर्वीची साथ १७८१ मध्ये येऊन गेली होती आणि त्या वेळी गोवर झालेल्या, आता वृद्ध झालेल्या व्यक्तींपैकी कोणालाही पानुम यांना पुन्हा गोवर झालेला आढळला नाही. ६५ वर्षे गोवराचा व्हायरस त्या बेटांवर नव्हता. म्हणजे स्मृती टिकण्यासाठी वारंवार उजळणी आवश्यक असतेच असे नाही. ही स्मृती कोठे साठविली जाते, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९६१ मध्ये जे. एफ. ए. पी. मिलर यांनी नवजात उंदरांची यौवनलोपी ग्रंथी (तारुण्यानंतर आकसत जाणारी, छातीच्या वरच्या भागातील ग्रंथी, थायमस) काढून टाकली असता त्यांची प्रतिकारक्षमता खालावते, हे दाखवून दिले. या ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या लसीका कोशिकांना तिच्या थायमस या नावाच्या आद्याक्षरावरून ‘टी’ कोशिका म्हणतात. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या ‘बी’ कोशिका त्यांहून वेगळ्या होत.

रक्तरस आणि लस : स्मृती म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी पुण्यातील एक उदाहरण उपयोगी पडेल. हडपसर येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेचे आरंभीचे उत्पादन धनुर्वातावरील प्रतिविष हे होते. घोड्यांना धनुर्वाताचे निष्प्रभ केलेले विष टोचून त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण करावयाची व तो रक्तरस शुद्ध करून रुग्णास द्यावयाचा, अशी ही रीत. रुग्णाला अशा प्रकारे मिळालेली प्रतिपिंडे तत्काळ उपयोगी पडतात. पण ती उसनी असतात. दोन-तीन आठवड्यांत ती नाहीशी होतात आणि त्यांची कोणतीही खूण मागे राहत नाही, कारण रुग्णाच्या स्वतःच्या लसीका कोशिकांना त्या विषाची ओळखच झालेली नसते. याउलट तेच निष्प्रभ विष लस म्हणून टोचल्यास संरक्षण मिळण्यास काही आठवडे लागतात, परंतु ते वर्षानुवर्षे टिकते. रक्तरस व लस यांतील फरक मुख्यतः स्मृतीचा फरक आहे.

निर्मिती : प्रत्येक टी कोशिकेच्या पृष्ठभागावर एकाच विशिष्ट रचनेचे ग्राही असतात. ते सूक्ष्मजीव आहे तसा ओळखत नाहीत; शरीरातील इतर कोशिकांनी सूक्ष्मजीवाच्या प्रथिनांचे लहान तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडले म्हणजेच ते त्यांना ओळखता येतात. हे मांडण्याचे काम ज्या रेणूंकडे असते ते व्यक्तिपरत्वे भिन्न असतात. टी कोशिका परका तुकडा आणि स्वतःचा रेणू असे दोन्ही एकदमच ओळखते, हा शोध आर. एम. झिंकरनागेल व पी. सी. डोहर्टी यांनी १९७४ मध्ये लावला व त्याबद्दल त्यांना १९९६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या ओळखण्याच्या रीतीमुळे दोन गोष्टी घडतात. कोशिकेच्या आत दडलेला व्हायरस प्रतिपिंडांच्या हाती लागत नसला, तरी टी कोशिकांना त्याचा पत्ता लागतो. आणि व्हायरसाच्या बाह्य कवचावरील नेहमी बदलत राहणाऱ्या प्रथिनांखेरीज आतील, फारशी न बदलणारी प्रथिनेही त्यांच्या ओळखीच्या कक्षेत येतात. पुढील विवेचनात या दुसऱ्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे.

विशिष्ट तुकडा ओळखणाऱ्या अननुभवी टी कोशिका शरीरात अत्यल्प, म्हणजे एक लाखात एक किंवा त्याहूनही कमी असतात. संसर्ग झाला की लसीका ग्रंथींत अशा मोजक्या कोशिकांचे वेगाने विभाजन सुरू होते व सु. आठवड्याभरात त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते. यांपैकी ‘सीडी ८’ हे चिन्ह धारण करणाऱ्या कोशिका संसर्ग झालेल्या कोशिकांचा नाश करतात. ‘सीडी ४’ चिन्हाच्या कोशिका साहाय्यक असून त्या बी कोशिका, भक्षिकोशिका इत्यादींना रासायनिक संदेशांद्वारे कार्यप्रवृत्त करतात. संसर्ग आटोक्यात आल्यावर या फौजेतील ९० ते ९५ टक्के कोशिका मरतात. उरलेल्या स्मृती कोशिका होत. त्या टिकून राहण्यासाठी मूळ सूक्ष्मजीवाची गरज नसते. ऊतकांत तयार होणाऱ्या इंटरल्यूकिन ७ व इंटरल्यूकिन १५ या प्रथिनांच्या आधारावर त्या अधूनमधून विभागून आपली संख्या राखतात.

प्रकार : स्मृती कोशिकांत भेद आहेत ही कल्पना १९९९ मध्ये बाझेल येथील एफ. सालुस्टो, ए. लान्झाव्हेकिया व त्यांचे सहकारी यांनी स्पष्टपणे मांडली. लसीका ग्रंथीत प्रवेश मिळवून देणारा सीसीआर ७ हा ग्राही काही स्मृती कोशिकांवर असतो व काहींवर नसतो, असे त्यांना आढळले. हा ग्राही असलेल्या ‘केंद्रीय’ स्मृती कोशिका लसीका ग्रंथींतून फिरत राहतात; त्यांची तात्काळ मारक शक्ती कमी, पण विभाजनक्षमता मोठी असते. हा ग्राही नसलेल्या ‘कार्यकारी’ स्मृती कोशिका रक्त व इतर ऊतकांतून संचार करतात आणि शत्रू भेटताच काही तासांत काम सुरू करतात. त्यांचे पुढे विभाजन मात्र बेताचेच होते. एक राखीव दल, तर दुसरे गस्तीचे, असे म्हणता येईल. २०११ मध्ये मानवी रक्तात तिसरा, संख्येने अल्प असा प्रकार वर्णिला गेला. तो मूलकोशिकांप्रमाणे स्वतःला नवीन करीत राहतो व त्यापासून इतर सर्व प्रकार निर्माण होऊ शकतात. दशकानुदशके टिकणाऱ्या स्मृतीचा मूलाधार बहुधा हाच असावा.

चौथा प्रकार सर्वांत उशिरा ध्यानात आला, याचे कारण शोध घेणाऱ्यांची नजर रक्तावर खिळली होती. शरीरातील एकूण लसीका कोशिकांपैकी सु. २ टक्केच कोणत्याही वेळी रक्तात असतात. प्रौढ माणसाच्या केवळ त्वचेतील टी कोशिकांची संख्या रक्तातील टी कोशिकांच्या जवळजवळ दुप्पट भरते. त्वचा, फुप्फुसे, आतडी, यकृत व जननमार्ग यांतील पुष्कळशा स्मृती कोशिका तेथेच कायमच्या वस्तीला असतात व रक्तात परतत नाहीत, हे २००९ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांनी निश्चित झाले. त्यांना ‘निवासी’ स्मृती कोशिका म्हणतात. पूर्वी ज्या जागी संसर्ग झाला होता त्याच जागी त्या दाटीने आढळतात आणि व्हायरस पुन्हा आल्यास रक्तातील कुमक पोहोचण्यापूर्वीच त्याला अडवितात. त्यांच्या या स्थाननिष्ठेचे एक विलक्षण उदाहरण त्वचारोगतज्ज्ञांच्या नेहमीच्या पाहण्यातले आहे. काही व्यक्तींना विशिष्ट औषध घेतले की दर वेळी शरीरावर नेमक्या त्याच ठिकाणी काळसर चट्टा उठतो. औषध सर्वांगात पसरलेले असताना चट्टा तेवढ्याच जागी का, या जुन्या कोड्याचे उत्तर त्या जागेतील त्वचेत ठाण मांडून बसलेल्या सीडी ८ स्मृती कोशिका हे आहे.

एखादी टी कोशिका यांपैकी कोणत्या प्रकारची होईल हे तिला मिळालेल्या संदेशाची तीव्रता व कालावधी, भोवतालची दाहकारक रसायने आणि साहाय्यक कोशिकांची मदत यांवर ठरते. तीव्र व दीर्घ उद्दीपनाने कोशिका अल्पायुषी मारक रूपाकडे झुकते, तर सौम्य उद्दीपनाने दीर्घायुषी स्मृतिरूपाकडे. मारक कोशिकांपैकी काहींचे पुढे स्मृती कोशिकांत रूपांतर होते, की दोन्ही वाटा पहिल्या काही विभाजनांतच अलग होतात, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही घडत असावे असे दिसते. साहाय्यक कोशिकांतही असेच उपभेद आहेत व त्यांचे परिणाम रोगाच्या स्वरूपात उमटतात. कुष्ठरोगात हे विशेष स्पष्ट दिसते : भक्षिकोशिकांना चेतविणाऱ्या साहाय्यक कोशिकांचे प्राबल्य असेल, तर मोजके चट्टे उठून रोग मर्यादित राहतो; ते नसेल, तर जंतूंची अमर्याद वाढ होऊन सर्वांगावर गाठी येतात. जंतू दोहोंतही तोच.

त्वचेवरील चाचणी : टी स्मृती डोळ्यांना दिसेल अशी एक साधी चाचणी शंभराहून अधिक वर्षे प्रचारात आहे. क्षयाच्या निदानासाठी कोपराखाली त्वचेत ट्युबरक्युलिनाचे अल्प अंतःक्षेपण करून ४८ ते ७२ तासांनी तेथे आलेल्या कठीण फुगवट्याचा व्यास मोजतात. मांटू चाचणी या नावाने ती घरोघरी माहीत आहे. प्रतिपिंडांमुळे होणारी प्रतिक्रिया काही मिनिटांत वा तासांत दिसली असती. दोन दिवसांचा विलंब हा स्मृती टी कोशिकांना त्या जागी जमण्यास व भक्षिकोशिकांना बोलावण्यास लागणारा वेळ होय. ही चाचणी स्मृती आहे एवढेच सांगते. ती स्मृती रोगजंतूंना रोखण्यास पुरेशी आहे किंवा काय, हे सांगत नाही.

इन्फ्ल्यूएंझा : २००९ मध्ये एच१एन१ इन्फ्ल्यूएंझाच्या जागतिक साथीत भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला व शहरातील शाळा, चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली. हा व्हायरस नवा असल्याने तरुणांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे जवळजवळ नव्हती. तरीही बहुसंख्य रुग्णांत आजार सौम्य राहिला. याचे एक कारण लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील कर्मचारी व विद्यार्थी यांच्या, त्याच साथीच्या काळात केलेल्या निरीक्षणांतून पुढे आले. ज्यांच्या रक्तात इन्फ्ल्यूएंझाच्या अंतर्गत, न बदलणाऱ्या प्रथिनांना ओळखणाऱ्या सीडी ८ कोशिका आधीच अधिक होत्या, त्यांना संसर्ग झाला तरी लक्षणे कमी दिसली. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या हंगामी फ्ल्यूने मागे ठेवलेली स्मृती नव्या व्हायरसालाही काही अंशी लागू पडली होती. २०१० मध्ये सीरम इन्स्टिट्यूटने एच१एन१ विरुद्ध नाकात फवारावयाची, जिवंत पण क्षीण केलेल्या व्हायरसाची लस बाजारात आणली. दंडात टोचलेल्या मृत लशीपेक्षा अशी लस श्वसनमार्गाच्या श्लेष्मकलेत निवासी स्मृती कोशिका निर्माण करण्यास तत्त्वतः अधिक योग्य असते. तिचा परिणाम रक्तातील प्रतिपिंडांच्या मोजमापात मात्र पुरता उमटत नाही आणि त्यामुळे अशा लशी कागदावर नेहमीच दुबळ्या वाटतात.

कोव्हिड-१९ : महाराष्ट्रातील या रोगाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (१९५२ मध्ये स्थापन झालेल्या व्हायरस संशोधन केंद्राचे १९७८ पासूनचे नाव) त्याच वर्षी व्हायरस अलग करून वाढविला. कोव्हॅक्सिन ही मृत व्हायरसाची लस त्यापासूनच तयार झाली. २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था इत्यादींनी शहरातील पाच प्रभागांत सोळाशेहून अधिक व्यक्तींचे रक्त तपासले, तेव्हा ५१·५ टक्के व्यक्तींत प्रतिपिंडे आढळली. लोहियानगर–कासेवाडी या दाट वस्तीच्या प्रभागात हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या घरात, तर कसबा पेठ–सोमवार पेठ प्रभागात ३६ टक्के होते. संसर्ग किती जणांना होऊन गेला याची ही मोजणी मोलाची होती. तीवरून साथ आता ओसरणार असा निष्कर्ष अनेकांनी काढला, तो मात्र या आकड्यांत नव्हता. २०२१ च्या वसंतात पुण्यात त्याहून मोठी लाट आली.

याच्या उलट चूकही त्याच सुमारास झाली. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाल्यावर पुष्कळ लोक खाजगी प्रयोगशाळांत जाऊन प्रतिपिंडे मोजून घेऊ लागले आणि आकडा खाली आला की लस वाया गेली असे समजू लागले. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या कोशिकांपैकी बहुतेक अल्पायुषी असल्याने पहिल्या काही महिन्यांत ती घटणे हे स्वाभाविक आहे. टी स्मृती याहून सावकाश क्षीण होते. २००३ मध्ये सार्स होऊन गेलेल्या सिंगापूरमधील व्यक्तींत १७ वर्षांनंतरही त्या व्हायरसाला ओळखणाऱ्या टी कोशिका आढळल्या. त्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडे बहुतेकांत दोन-तीन वर्षांतच नाममात्र उरतात. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमिक्रॉन प्रकाराने प्रतिपिंडांना मोठ्या प्रमाणात चकविले, परंतु आधीच्या लशीने वा संसर्गाने निर्माण झालेल्या टी प्रतिसादापैकी ७० ते ८० टक्के त्याच्याविरुद्धही कायम राहिला. म्हणूनच त्या लाटेत संसर्ग अफाट झाला, पण लस घेतलेल्यांत गंभीर आजाराचे प्रमाण त्या मानाने कमी राहिले. टी कोशिका संसर्ग झालेल्या कोशिकांना ओळखत असल्याने त्या संसर्गाचा प्रवेश सहसा रोखू शकत नाहीत; त्याचा प्रसार मात्र आवरतात. कोव्हिशील्डमध्ये व्हायरसाच्या केवळ शूलप्रथिनाचा जीन असतो, तर कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण व्हायरस असल्याने त्या लशीनंतर अंतर्गत प्रथिनांना ओळखणाऱ्या टी कोशिकाही आढळतात.

शर्करायुक्त लशी : टी स्मृतीचा लशीच्या रचनेत जाणीवपूर्वक केलेला उपयोग मस्तिष्कावरणशोथाच्या लशीत पाहावयास मिळतो. हा रोग करणाऱ्या जंतूचे कवच शर्करेचे असते. शर्करा टी कोशिकांना दिसत नाही. त्यामुळे केवळ शर्करेच्या जुन्या लशीने बी कोशिका थोडा काळ प्रतिपिंडे तयार करीत, परंतु स्मृती निर्माण होत नसे आणि लहान मुलांत तर तिचा फारच थोडा उपयोग होई. यावर उपाय म्हणून शर्करेला धनुर्वाताच्या निष्प्रभ विषाचे प्रथिन जोडतात. शर्करा ओळखणारी बी कोशिका सबंध जोडरेणू गिळते आणि त्यातील प्रथिनाचे तुकडे पृष्ठभागावर मांडते. धनुर्वाताचे प्रथिन ओळखणारी साहाय्यक टी कोशिका ते पाहून तिच्या मदतीस धावते व या मदतीमुळे शर्करेची स्मृती तयार होते. मदत धनुर्वाताच्या नावे घ्यावयाची आणि ती मस्तिष्कावरणशोथासाठी वापरावयाची, अशी ही युक्ती आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ‘अ’ गटाच्या जंतूमुळे वारंवार भीषण साथी येत. तेथील देशांना परवडेल अशी, एका मात्रेस अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किंमतीची संयुग्मी लस हडपसर येथे तयार झाली व डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथून तिचा वापर सुरू झाला. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ती देण्यात आली आणि ‘अ’ गटाचा रोग त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. लस घेतलेल्यांत धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडेही वाढलेली आढळली, हा अनायासे झालेला लाभ.

स्मृतिनाश व विपरीत स्मृती : काही व्हायरस स्मृती कोशिकांवरच आघात करतात. गोवराचा व्हायरस सीडी १५० या ग्राहीच्या द्वारे लसीका कोशिकांत शिरतो. हा ग्राही स्मृती कोशिकांवर विपुल असल्यामुळे गोवरातून उठलेले मूल पूर्वी मिळविलेली इतर रोगांविरुद्धची स्मृती काही अंशी गमावून बसते. लस न घेतलेल्या डच मुलांच्या तपासणीत गोवरानंतर त्यांच्या पूर्वीच्या प्रतिपिंडांच्या संग्रहापैकी ११ ते ७३ टक्के भाग नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या संग्रहाची भरपाई होण्यास दोन-तीन वर्षे लागतात व त्या अवधीत न्यूमोनिया, अतिसार यांचा धोका वाढलेला राहतो. गोवराच्या लशीने असे होत नाही. गोवर म्हणजे बालपणी एकदा येऊन जाणारा किरकोळ आजार, ही आपल्याकडील जुनी समजूत त्यामुळे घातक ठरते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत झालेल्या साथीत बालके दगावली. एचआयव्ही हा व्हायरस सीडी ४ स्मृती कोशिकांचा, प्रथम आतड्यांतील कोशिकांचा, नाश करतो. त्यामुळे वर्षानुवर्षे दबून राहिलेला क्षय उफाळून येतो. भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या (पुढे तिचे नाव बदलण्यात आले) कार्यक्षेत्रात या दोन रोगांच्या जोडीचा प्रश्न आरंभापासून महत्त्वाचा राहिला आहे. शिवाय विश्रांत अवस्थेतील काही स्मृती कोशिकांच्या जीनांतच हा व्हायरस लपून राहतो. स्मृती कोशिका दीर्घायुषी असतात हा एरवीचा गुण येथे दोष ठरतो व त्यामुळे औषधोपचार जन्मभर चालू ठेवावा लागतो.

स्मृती नेहमीच हितकारक असते असेही नाही. डेंग्यूच्या व्हायरसाचे चार प्रकार असून एका प्रकाराच्या संसर्गाने झालेली स्मृती दुसऱ्या प्रकाराच्या वेळी अपुरी जुळते. अशा वेळी जुन्या, न जुळणाऱ्या कोशिका आधी वाढून योग्य कोशिकांची जागा घेऊ शकतात. दुसऱ्या खेपेच्या डेंग्यूच्या तीव्रतेत यांचा वाटा किती व प्रतिपिंडांचा किती, हा वादाचा विषय आहे. प्रतिपिंडांचा वाटा मोठा असल्याचे अलीकडील पुरावा सुचवितो.

टिकाऊपणा : देवीच्या लशीने निर्माण झालेल्या टी कोशिका लसीकरणानंतर ७५ वर्षांपर्यंत आढळल्या आहेत, त्यांची संख्या निम्मी होण्यास ८ ते १५ वर्षे लागतात. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला. तेव्हा आज साठीच्या पुढे असलेल्या व दंडावर वण असलेल्या अनेक व्यक्तींच्या शरीरात, ज्याची आता भेट होणे नाही अशा व्हायरसाला ओळखणाऱ्या कोशिका अद्याप असल्या पाहिजेत. निवासी कोशिकांचे आयुष्य मात्र अवयवागणिक वेगळे असते. त्वचेत त्या दीर्घकाळ टिकतात, तर उंदरांच्या फुप्फुसांत काही महिन्यांतच ओसरतात. फ्ल्यू पुनःपुन्हा होण्यास व्हायरसातील बदलांखेरीज हेही एक कारण असू शकेल.

निवासी स्मृतीचे महत्त्व क्षयाच्या बाबतीत अलीकडे ठळकपणे पुढे आले आहे. त्वचेत टोचलेली बीसीजी लस बालकांना क्षयाच्या तीव्र प्रकारांपासून वाचविते, परंतु प्रौढांच्या फुप्फुसांतील क्षयावर तिचा प्रभाव अनिश्चित आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हीच लस माकडांना मोठ्या मात्रेत शिरेतून देण्यात आली. पुढे क्षयजंतूंशी संबंध आणला असता दहांपैकी नऊ माकडांना उत्तम संरक्षण मिळाले व सहांमध्ये तर संसर्गाचा मागमूसही आढळला नाही. त्यांच्या फुप्फुसांत निवासी टी कोशिका मोठ्या संख्येने वसल्या होत्या. जिवंत जंतूंची लस शिरेतून देणे माणसांत सुरक्षित मानले जात नाही; म्हणून हाच परिणाम श्वासावाटे दिलेल्या लशीने साधता येईल काय, याचे प्रयोग चालू आहेत. माणसांत त्यांचे मूल्यमापन करावयाचे, तर रक्त काढून भागत नाही. नळीद्वारे फुप्फुसातील धुवण घेऊन त्यातील कोशिका मोजाव्या लागतात. [⟶ क्षय, प्रतिरक्षाविज्ञान, लस].